ओळखी नकोत, अनुभव घ्या

31 मे रोजी राज्यातल्या पोलीस ठाण्यांत निरोपाचे नारळ दिले गेले. शाळेत घालताना 1 जून ही जन्मतारीख लावलेली माणसं 58 वर्षं पूर्ण करून दरवर्षी याच दिवशी निवृत्त होतात. त्यांतले बरेचजण आता आपल्या सुरक्षा एजन्सीत नोकरी विचारायला येतील. आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो : कुठल्या ठाण्यात ओळख आहे?

हा प्रश्न आपण आता टाकून द्यावा. एक-दोन बदल्या झाल्या की ओळख संपते. टिकलीच, तर ती जास्त धोक्याची. जुन्या सहकाऱ्याला ‘एवढा एक नंबर काढून दे’ म्हणणं हा गुन्हा आहे. 2018 मध्ये सीडीआर म्हणजे कॉलच्या नोंदींच्या विक्रीच्या प्रकरणात ठाणे पोलिसांनी खासगी गुप्तहेरांना अटक केली, ती या धंद्यातल्या कुणी विसरू नये.

त्यापेक्षा त्या माणसाने कुठल्या टेबलावर काम केलं ते विचारा. मुद्देमाल कारकुनाचंच काम पाहा. पंचांसमक्ष वस्तू गुंडाळायची, दोरा बांधून लाखेची मोहर लावायची, सह्यांचं लेबल चिकटवायचं, रजिस्टरला नोंद घ्यायची. प्रयोगशाळेत किंवा कोर्टात पाठवताना कोणी, कधी, कोणाच्या हाती दिलं ते लिहायचं. आणि कित्येक वर्षांनी बचावपक्षाच्या वकिलाने मागितलं की तेच पाकीट मोहरेसकट हजर करायचं. भिवंडीच्या गोदामात माल घटतो तेव्हा आपल्याला नेमका हाच माणूस हवा असतो, आणि आपण त्याला गेटवर सलाम ठोकायला उभा करतो! ठाणे अंमलदाराने वर्षानुवर्षं स्टेशन डायरी लिहिलेली असते. कंट्रोल रूम त्याच्या हाती द्या. गोपनीय शाखेचा माणूस मोर्चा कुठे वळणार ते गर्दीच्या चेहऱ्यांवरून ओळखतो. हे कौशल्य हुद्द्यावर ठरत नाही. हवालदाराकडे असतं, निरीक्षकाकडे नसतं, असंही होतं.

2005 च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्याने माजी पोलिसांना नेमणुकीत प्राधान्य देण्याची मुभा दिली आहे. इतरांना वर्गातलं 100 तासांचं आणि प्रत्यक्ष कामाचं 60 तासांचं प्रशिक्षण लागतं. माजी पोलिसांना अनुक्रमे 40 आणि 16 तास पुरतात. पण हे 56 तास आपण कवायतीत घालवतो. त्यांना खरं शिकवायला हवं ते वेगळंच. काल हातात असलेला अधिकार आज नाही. संशयिताला कोंडून चौकशी करता येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 40 प्रमाणे डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा झाला तर खासगी माणूस गुन्हेगाराला पकडू शकतो, पण सहा तासांच्या आत त्याला पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. तीस वर्षांची सवय मोडणं सोपं नाही, आणि त्यासाठी त्यांना वेळ देणं आपलं काम आहे.

वीस वर्षांच्या सेवेनंतर स्वेच्छानिवृत्ती घेणारेही येतात. त्यांत घर आणि बंदोबस्त यांच्या ओढाताणीत खात्यातून बाहेर पडलेल्या महिला अंमलदार असतात. त्यांच्यापुढे कामाची बरीच वर्षं आहेत. त्यांना बारा तासांची ड्युटी देऊ नका. तीच तर सोडून त्या आल्या आहेत. रुग्णालयं, वसतिगृहं, विमा दाव्यांची पडताळणी, कंपन्यांतल्या अंतर्गत चौकशा इथे जबाब नोंदवता येणारी बाई फार मोलाची असते. तिच्याशी पगार ठरवताना गार्डचा दर समोर ठेवू नका, तपासाचा ठेवा.