टप काढायचे जास्त पैसे

गाडी तीच, इंजिन तेच, पण वरचा टप काढून टाकला की किंमत वाढते. आमच्या धंद्यात एखादं फीचर काढून टाकून गिऱ्हाइकाकडे जास्त पैसे मागितले तर काय होईल, याची कल्पनाच केलेली बरी! कन्व्हर्टिबलच्या बाबतीत मात्र हे कित्येक दशकं बिनबोभाट चालू आहे, आणि इथे कॅलिफोर्नियात तर जरा जास्तच. सध्या मी गाडी बदलायच्या विचारात आहे. थोडे पैसे साठलेत, आईबाबा मे महिन्यात सहा महिन्यांसाठी येतायत, आणि गेले तीन आठवडे मी एका खिडकीत कॅमरी आणि दुसऱ्या खिडकीत वापरलेली बीएमडब्ल्यू कन्व्हर्टिबल उघडून बसतोय. म्हटलं, या शनिवारी हा विषय एकदाचा निकालात काढू.

आधी चांगलं बोलूया. वुडसाइडवरून ८४ नंबरचा रस्ता डोंगर चढून, ला होंडाच्या रेडवूडमधून सॅन ग्रेगोरियोला समुद्रापर्यंत उतरतो. बंद गाडीत हा सगळा प्रवास टीव्हीवर बघितल्यासारखा होतो. टप उघडा असेल तर झाडीत शिरल्या शिरल्या हवा गार झालेली मानेला कळते, ओल्या पालापाचोळ्याचा वास येतो, आणि शेवटच्या चार मैलांत समुद्र दिसायच्या आधीच नाकाला कळतो. स्कूटरवरून सिंहगडाचा घाट चढलेल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. ही मजा खोटी नाही, आणि नुसती शायनिंगही नाही.

लोक यापायी किती हळवे होतात त्याचा एक किस्सा. सत्तरच्या दशकात अमेरिकेत सुरक्षेचे नियम कडक होऊन उघड्या गाड्यांवर बंदी येणार अशी हवा होती. १९७६ साली कॅडिलॅकने 'ही शेवटची अमेरिकन कन्व्हर्टिबल' असं म्हणत एल्डोराडोच्या १४,००० गाड्या काढल्या. लोकांनी त्या ठेव म्हणून घेतल्या, काहींनी तर न चालवता झाकून ठेवल्या. बंदी काही आली नाही, आणि १९८४ मध्ये कॅडिलॅकने पुन्हा एल्डोराडो कन्व्हर्टिबल विकायला काढली. मग काय, आधीचे मालक चिडून कोर्टात गेले!

आता इंजिनिअरिंग. गाडीचं छप्पर नुसतं ऊन-पाऊस अडवायला नसतं, ते सांगाड्याचा भाग असतं. बुटांचं खोकं झाकणासकट पिळून बघा, आणि मग झाकण काढून पिळा. फरक लगेच कळेल. तो पीळ थांबवायला तळाला जास्तीचं पोलाद घालावं लागतं, पुढच्या काचेची चौकट भक्कम करावी लागते, शिवाय गाडी उलटली तर डोकं वाचवायची वेगळी सोय लागते. १९८९ च्या मर्सिडीज एसएलमध्ये तर त्यासाठी मागची कमान ०.३ सेकंदात आपोआप वर यायची. काम झकास, पण हे सगळं वजन आहे. मी जी बघतोय ती ३ सिरीज (२००७ ते २०१३ ची, घडीच्या लोखंडी टपाची) तिच्या कूपे भावंडापेक्षा सुमारे २०० किलोंनी जड आहे. म्हणजे तीन माणसं कायमची मागे बसवून फिरायचं, तेही टप नसताना. टप घडी होऊन डिकीत बसला की ३५० लिटरच्या डिकीत उरतात २१०.

पण मला खरी गंमत वाटते ती पुढची. महागडी गाडी आपण घेतो कशासाठी? बाहेरचा आवाज, धूळ, ऊन, गारवा आत येऊ नये म्हणून. आणि कन्व्हर्टिबल घेतो ते नेमकं हेच सगळं आत यावं म्हणून. या दोन इच्छा एकाच गाडीत कोंबल्या की काय होतं ते मर्सिडीजकडे बघा. २००४ च्या एसएलकेमध्ये मानेवर गरम हवा सोडणारी झोत-नळी सीटमध्येच आली. २०१० च्या ई-क्लास कॅब्रिओलेमध्ये वारा डोक्यावरून पलीकडे उडवायला काचेच्या वरच्या कडेला एक पट्टी आली. म्हणजे वारा आत यावा म्हणून पैसे मोजायचे, आणि तो आत येऊ नये म्हणून पुन्हा मोजायचे! कंपन्यांनाही हे थोडंफार कळलं असावं. मर्सिडीजने २०२१ च्या नव्या एसएलला आणि बीएमडब्ल्यूने २०२० च्या नव्या ४ सिरीजला घडीचा कडक टप सोडून पुन्हा कापडी टप दिला, कारण तो हलका.

म्हणून माझं मत असं, की कन्व्हर्टिबल जितकी आलिशान तितकी ती स्वतःच्याच विरुद्ध जाते. घ्यायचीच असेल तर माझ्दा मिआटासारखी साधी, हलकी, दोन माणसांची घ्या. तिच्याकडे मानेचा हीटर नसला तर जॅकेट घाला.

बाकी व्यवहार तर आहेच. १०१ च्या ट्रॅफिकमध्ये टप उघडून ट्रकशेजारी उभं राहण्यात काही काव्य नाही. जुलैतसुद्धा हाफ मून बेला धुकं असतं. वॉरंटी संपलेल्या टपाच्या मोटरी आणि हायड्रॉलिक्स दुरुस्त करायचा खर्च ऐकला की तो टप बंदच बरा वाटतो. आणि सॅन फ्रान्सिस्को विमानतळावर आईबाबा प्रत्येकी २३ किलोच्या दोन-दोन बॅगा घेऊन उतरणार, तेव्हा २१० लिटरमध्ये फारतर लोणच्याची बरणी आणि चकल्यांचा डबा मावेल.

यातली बोचणारी गोष्ट वेगळीच आहे. इथे अशा गाड्यांमध्ये बहुतेक पिकल्या केसांची माणसं दिसतात. तिशीच्या आत हौस असते तेव्हा पैसे नसतात, पैसे येतात तेव्हा मागे बेबी सीट असते, आणि दोन्ही अडचणी संपेपर्यंत साठी येते. 'नंतर घेऊ' म्हणणाऱ्यांचं नंतर काय होतं ते मी बाबांच्या बुलेटच्या बाबतीत बघितलंय. ती अजून यायची आहे.

तेव्हा निकाल असा. रोजच्यासाठी कॅमरी. आणि जूनमधला एक वीकेंड कन्व्हर्टिबल भाड्याने, टप उघडा, रस्ता तोच ८४ नंबरचा. फोनवर आईला सांगितलं तर म्हणाली, "अरे, छप्पर नसलेल्या गाडीला कसले रे एवढे पैसे?" प्रश्न अगदी बरोबर आहे. पण बाबांनी मागून विचारलं, "मला चालवायला देतील का रे?" भारतातलं लायसन्स चालतं का, ते आता शोधतोय.