जुना स्विच आणि नवा विद्यार्थी

गेवराईची शाळा सोडून बीडच्या वा छत्रपति संभाजीनगरच्या पॉलिटेक्निकांत गेलेले आमचे विद्यार्थी सुटींत भेटावयास येतात, तेव्हां सिस्कोच्या सीसीएनए परीक्षेचा विषय हटकून निघतो. परीक्षेचें शुल्क सुमारें ३०० डॉलर, आणि प्रमाणपत्राची मुदत अवघीं तीन वर्षें. त्यावर सरावाच्या यंत्रांचा खर्च निराळा. कापसाच्या पैशावर घर चालविणाऱ्या पालकांनीं तो कितपत सोसावा?

आमचें मत असें कीं, नव्या स्विचवर एक पैसाहि घालूं नये. कचेऱ्यांनीं काढून टाकलेले कॅटलिस्ट २९६० जातीचे दोन जुने स्विच चार मित्रांत मिळून घेतले तरी पुष्कळ झाले. दुकानदार ‘संपूर्ण लॅब’ म्हणून जें गाठोडें गळ्यांत बांधूं पाहतात, त्याची कांहीं गरज नाहीं.

कोणी म्हणेल, पॅकेट ट्रेसर फुकट मिळत असतां हें लोखंड कशास? आरंभ त्यावरच करावा, हें आम्हांसहि मान्य आहे. बिनतारी जाळीं व ऑटोमेशन हे २०२० सालच्या परीक्षेंत असलेले विषय जुन्या स्विचवर शिकतांहि येणार नाहींत. परंतु दोन स्विच दोन तारांनीं जोडून पाहावे. एका तोंडाचा दिवा नारिंगी राहतो. निरोप गोल गोल फिरून जाळें कोंडूं नये म्हणून यंत्रानेंच ती वाट अडविलेली असते. चालू तार उपटली कीं सुमारें ३० सेकंदांनीं तोच दिवा हिरवा होतो. रेडिया पर्लमन या विदुषींनीं १९८५ सालीं काढलेली ही युक्ति पडद्यावरहि दिसते खरी. पण तारेची खुंटी अर्धवट बसणें, कन्सोलची केबल संगणकानें न ओळखणें, आदल्या मालकाचा पासवर्ड आडवा येऊन ‘मोड’चें बटण दाबून धरीत यंत्र पुन्हा सुरू करावें लागणें, हे धडे हातालाच मिळतात. शेजारच्या अहमदनगरास, म्हणजे हल्लीच्या अहिल्यानगरास, अमेरिकन मराठी मिशननें पुस्तकी विद्येच्या जोडीला हातांचें काम शिकविलें, तें उगीच नव्हे.

एक इशारा मात्र अवश्य द्यावयाचा. जुन्या स्विचची मांडणी पुसली तरी व्हीलॅनची यादी निराळ्या फाइलींत शिल्लक राहते. ती वेगळी पुसावी लागते. व्हीटीपीचें डोमेन व पासवर्ड जुळले आणि ह्या पाहुण्याचा आवृत्ति-क्रमांक मोठा निघाला, तर तो चालत्या जाळ्यांतील यादी घालवून आपली बसवितो, आणि साऱ्या कचेरीचें काम खोळंबतें. म्हणून सरावाचा स्विच शाळेच्या वा कोणाच्याहि चालत्या जाळ्यास लावूं नये.

विकत घेतांना पैसे देण्यापूर्वीं यंत्र सुरू करून दाखवावयास सांगावें. कित्येकांच्या पंख्याचा आवाज असा असतो कीं, घरांतील आजोबांची दुपारची झोप गेलीच समजावी! शाळेचे जे माजी विद्यार्थी पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत आहेत, त्यांनीं भंगारांत निघालेले दोन स्विच कंपनीच्या परवानगीनें इकडे धाडले, तर त्यांस विज्ञानाच्या खोलींत जागा आहे, आणि शनिवारीं दुपारीं ती खोली मोकळीच असते.