कथिलाचे पदक

वाचकहो, ‘पदक’ हा शब्द कानी पडला की आपल्या कुटुंबांतून प्रथम आठवते ते गळ्यातील पवित्र मातेचे पदक. गेल्या पावसाळ्यात एका सायंकाळी आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध भगिनी पदराच्या गाठीत बांधलेली काळसर चकती घेऊन माझ्याकडे आल्या, तेव्हा मीही तिच्यावर एखाद्या संताचीच आकृती शोधू लागलो. एका बाजूस सिंह दिसला. सिंह म्हणजे संत मार्क, असे मी पंडिताच्या थाटात सांगूनही टाकले. सेमिनरीत शिकलेल्या माणसाला ‘मला ठाऊक नाही’ हे तीन शब्द उच्चारणे किती जड जाते!

बाईंनी मान हलवली. “नाही फादर, हे लढाईचे आहे. आमच्या आजोबांचे. पहिल्या जर्मन युद्धात ते बसऱ्याला गेले होते. तिथे त्यांनी पराक्रम केला म्हणून सरकारने दिले.”

आजोबा मूळचे जालन्याकडचे. पुढे बोलारमच्या छावणीत ते मोतद्दार होते, म्हणजे साहेबांच्या घोड्यांची निगा राखीत. त्यांच्या मागे ही चकती पत्र्याच्या पेटीत राहिली. दर नाताळास ती बाहेर निघे, मुलांच्या हातावर ठेवली जाई आणि बसऱ्याची कथा पुन्हा एकदा सांगितली जाई. आता नातवाच्या महाविद्यालयाची फी भरावयाची होती. त्याने भ्रमणध्वनीवरून चकतीचे छायाचित्र पाठवले, तेव्हा परदेशातील कोणा गिऱ्हाइकाने मोठी रक्कम देऊ केली. इकडे शहरातील एका व्यापाऱ्याने मात्र ‘भंगार’ म्हणून ती बाजूस सारली. दोघांपैकी खरे कोण, हे बाईंना समजत नव्हते. “तुम्ही खरे काय ते सांगा,” एवढेच त्या म्हणाल्या. दाखवण्यापूर्वी चिंच लावून घासावी असे त्यांच्या मनात होते, पण सुदैवाने तेवढे राहून गेले होते. जुने पदक कधीही घासू नये. मळ जातो, पण त्याबरोबर अक्षरांच्या कडाही जातात.

जुन्या सैनिकी पदकाची ओळख पटवताना प्रथम त्याची कड पाहावी. १८१५ च्या वॉटर्लूच्या लढाईसाठी जे पदक निघाले, त्याच्या कडेवर ज्या त्या सैनिकाचे नाव ठोकलेले होते, आणि पुढे ब्रिटिश पदकांत ही चाल रूढ झाली. पहिल्या महायुद्धातील पदकांच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण सापडते. त्या युद्धातील रुप्याचे पदक फौजेबरोबरच्या चाकरवर्गाला काशाचे देण्यात आले होते, हेही ध्यानी ठेवण्यासारखे आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने आपल्या सैनिकांना दिलेल्या सामान्य पदकांवर नावे घातली नाहीत, पण हिंदी सैनिकांना मिळालेल्या पदकांवर ती घातली गेली. ज्यांच्या घरी अशी पदके असतील त्यांनी दिव्याच्या तिरप्या प्रकाशात त्यांची कड अवश्य न्याहाळावी.

बाईंच्या पदकाची कड मात्र कोरी होती. नाव नव्हते, क्रमांक नव्हता, पलटणही नव्हती.

मग मी ते टेबलावरील दिव्याखाली कलते धरले. सिंह एका पशूला खाली लोळवीत होता आणि त्या पशूच्या अंगावर पट्टे होते. तो वाघ होता. खालच्या बाजूस रोमी अक्षरे उमटली. चार मे, आणि पुढे एम, डी, दोन सी, एक्स-सी, आय-एक्स. लॅटिनच्या तासाला केलेली घोकंपट्टी येथे उपयोगी पडली. हजार, पाचशे, दोनशे, नव्वद आणि नऊ. म्हणजे १७९९.

सिंहाच्या वर फडकणाऱ्या निशाणावर आणि दुसऱ्या बाजूच्या तळाशी जी अक्षरे होती, तेथे माझी विद्या संपली. आमच्या गल्लीत एक निवृत्त उर्दू शिक्षक राहतात. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे गेलो. भिंग लावून त्यांनी बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, “ये उर्दू नै फादरसाब, फारसी है. ऊपर अरबी है.” अरबी शब्द होते ‘असदुल्लाह अल्-गालिब’, म्हणजे ईश्वराचा सिंह विजयी आहे. फारसी ओळीचा अर्थ त्यांनी लावला, श्रीरंगपट्टणचा किल्ला, ईश्वराचे देणे, २८ जिल्काद, हिजरी १२१३. मग त्यांनी जुनी जंत्री काढली, बोटाने ओळी मोजल्या आणि कागदावर लिहिले, ४ मे १७९९. मी आदल्या रात्री लिहिलेली चिठ्ठी खिशातून काढून त्यांच्यापुढे ठेवली. एक बाजू मी वाचली होती, दुसरी त्यांनी, आणि दिवस एकच निघाला. आम्ही दोघेही लहान मुलांसारखे हसलो.

त्या दिवशी इंग्रजांनी श्रीरंगपट्टण जिंकले आणि टिपू सुलतान लढता लढता पडला. हल्ला भर दुपारी झाला. पदकाच्या मागील बाजूस तटाच्या खिंडारावर चढणारे सैनिक आहेत आणि वर माथ्यावरचा सूर्य कोरलेला आहे. वाघ हे टिपूचे चिन्ह. लढाईनंतर काही वर्षांनी ईस्ट इंडिया कंपनीने हे पदक पाडून घेतले. त्याचा ठसा क्यूखलर नावाच्या कलावंताने कोरला, आणि बर्मिंगहॅमजवळ सोहो येथे मॅथ्यू बोल्टनच्या टांकसाळीत ते तयार झाले. हा बोल्टन म्हणजे वाफेच्या यंत्राने प्रसिद्धीस आलेल्या जेम्स वॉटचा भागीदार. पदकाचा व्यास सुमारे ४८ मिलीमीटर असतो. बाईंचे पदकही मोजपट्टीवर तेवढेच भरले.

पण ते कोणत्या धातूचे, हा प्रश्न उरलाच होता. कारण हे एकच पदक पाच प्रकारांनी पाडले गेले. सेनापतींना सोन्याचे, वरच्या अधिकाऱ्यांना सोन्याचा मुलामा दिलेले रुप्याचे, कनिष्ठ अधिकाऱ्यांना नुसत्या रुप्याचे, हवालदार-नाईकांना काशाचे, आणि साध्या शिपायाला कथिलाचे. आपल्या भांड्यांना कल्हई करतात तेच हे कथील. ओरखडा काढून परीक्षा करणे मला मान्य नव्हते. म्हणून एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ते आधी हवेत तोलले, मग दोऱ्याने टांगून पाण्यात तोलले. वजनात जी घट आली, तिने हवेतील वजनाला भागले. कथील पाण्याच्या सव्वासातपट जड असते, तांबे जवळजवळ नऊपट, रुपे साडेदहापट आणि शिसे सव्वाअकरापट. आमचे उत्तर सव्वासाताच्या जवळ आले. जस्तही याच्याच आसपास भरते, म्हणून केवळ वजनावर विसंबणे बरे नव्हे. साच्यात ओतलेल्या नकलेची अक्षरे बोथट असतात आणि पृष्ठभागावर बारीक छिद्रे दिसतात. येथे अक्षरे झिजलेली असूनही त्यांच्या कडा ठसठशीत होत्या. ते शिपायाचेच पदक होते.

असे पदक आपल्या हैदराबादेत सापडावे यात नवल नाही. १७९८ च्या सप्टेंबरात निजाम अलीखानाने इंग्रजांशी तह केला. त्यानंतर त्याच्या पदरी असलेल्या फ्रेंच अधिकाऱ्यांच्या पलटणी मोडल्या गेल्या आणि कंपनीच्या पलटणी येथे वाढल्या. पुढच्याच वर्षी त्या निजामाच्या सैन्याबरोबर श्रीरंगपट्टणास गेल्या. निजामाच्या सैन्याचे आधिपत्य मीर आलमकडे होते आणि त्याच्या सोबतीस दिलेल्या गोऱ्या पलटणीचा प्रमुख होता आर्थर वेलस्ली, पुढे वॉटर्लू जिंकणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. प्राणिसंग्रहालयाजवळचा एकवीस कमानींच्या बांधाचा मीर आलम तलाव आपण पाहिला असेल. त्या लुटीत मीर आलमला जो वाटा मिळाला, त्यातून तो बांधला गेला असे सांगतात.

एक गोष्ट मात्र मला राहून राहून टोचते. ‘असदुल्लाह अल्-गालिब’ हे शब्द इंग्रजांचे नव्हेत. टिपू ते आपल्या शस्त्रांवर कोरवून घेत असे. ‘ईश्वराचे देणे’ हा शब्दही त्याचाच, कारण आपल्या राज्याला तो ‘सरकार-ए-खुदादाद’ म्हणे. विजेत्याने शत्रूचे शब्द उचलून आपल्या पदकावर घातले. दिवस घातला, किल्ला घातला, माथ्यावरचा सूर्यही घातला. ज्याने ते खिंडार चढून पार केले, त्याच्या नावाला मात्र तेथे जागा मिळाली नाही. सरदाराचे नाव तलावाला लाभले, शिपायाच्या वाट्यास कोरी कड आली.

हे सारे बाईंना सांगणे भाग होते. पदक आजोबांच्या जन्माच्या जवळजवळ शंभर वर्षे आधीचे आहे, बसऱ्याशी त्याचा संबंध नाही, आजोबांकडे ते कसे आले हे आता कळणार नाही, असे मी जमेल तितक्या हळुवारपणे सांगितले. गिऱ्हाइकाविषयीही सांगितले की शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू १९७२ च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तू ठरते आणि आपल्यासारख्यांना ती परदेशी पाठवता येत नाही. त्यांनी ते ऐकले, पण त्यांचे मन दुसरीकडेच होते. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, “मग आमच्या आजोबांना काहीच मिळाले नव्हते का?”

या प्रश्नाला उत्तर देणे मला कठीण गेले. बसऱ्याला गेलेल्या चाकरांसाठीही पदक होते, त्यांना ते मिळाले असेल, हरवले असेल, गरजेपोटी मोडले गेले असेल, इतकेच मी बोलू शकलो.

तोवर गप्प असलेला नातू म्हणाला, “फादर, कड तर कोरीच आहे. सराफाकडून आजोबांचे नाव घालून घेतले तर? आजीला बरे वाटेल.”

मुलाचा हेतू वाईट नव्हता, आणि क्षणभर मलाही मोह झाला. पण मी म्हणालो, “बाळ, ती कड कोरी असली तरी ती जागा मोकळी नाही. कोणी तरी ते खिंडार चढून गेला होता. त्याचे नाव आपल्याला ठाऊक नाही, एवढ्यावरून त्याची जागा आपली होत नाही. आणि तुझ्या पणजोबांना दुसऱ्याच्या नावाची उसनवारी कशाला हवी? ते काय करीत, ते तर तुम्हांला ठाऊक आहे.”

बाई मग हळूहळू बोलू लागल्या. आजोबा पहाटे तीनला उठत. आजारी घोड्याजवळ रात्रभर बसत. बसऱ्याहून आल्यावर पाण्याचा एक थेंब सांडलेला त्यांना खपत नसे. नातू प्रथमच हे ऐकत होता. मी कागद पुढे केला आणि त्याने ते लिहून घेतले. आजोबांचे पूर्ण नाव, गाव, बोलारमची चाकरी, आणि शेवटी, ‘हे पदक त्यांचे नव्हे. ज्याचे होते त्याचे नाव ठाऊक नाही. त्यांनी ते आयुष्यभर सांभाळले.’

फीची व्यवस्था पुढे अन्य मार्गाने झाली. पदक त्याच पत्र्याच्या पेटीत आहे आणि तो कागदही त्याच्याबरोबर आहे. वाचकहो, आपल्या घरच्या पेट्या आपणही एकदा उघडून पाहाव्या. ज्यांना सारे ठाऊक आहे अशी वडीलधारी माणसे अजून आपल्यात आहेत, तोवर त्यांच्याजवळ कागद घेऊन बसावे.