घटोत्कचाची आई कुठाय?



गोदीतून चार दिवसांची सुट्टी काढून फलटणला गेलो होतो. तिथं संगीत सौभद्राचा प्रयोग लागलेला. आईनं तमाशा बघितलाय, आंबेडकरी जलसे बघितलेत, पण पेटी-तबल्यावरचं, शालू-पितांबरातलं नाटक बघितलं नव्हतं. म्हटलं चल. मागच्या रांगेत बसलो. पुढं शहाण्यासुरत्या माना डोलत होत्या, वन्समोअर चालले होते. आईला शब्द कळत नव्हते, चाल कळत होती. ती मांडीवर ताल धरून बसली होती.

मग घटोत्कच आला. अंगाला काळं फासलेलं, केस पिंजारलेले, डोळे वटारलेले. लोक हसले. पोरं किंचाळली. त्यानं सुभद्रेला उचललं आणि गेला.

आईनं कोपरानं ढोसलं. "ह्यो कुणाचा म्हनायचा?"

"भीमाचा पोरगा."

"आपल्या?"

"नाय गं, त्या गदावाल्या."

"बाप इच्यारला न्हाई मी. आई कोन ह्याची? कुठाय ती?"

मी म्हटलं, हिडिंबा. ती नाटकात येत नाही. आई म्हणाली, "पोरगा एवढ्या रातचा दुसऱ्याचं वझं व्हायला गेलाय, आन् आईला ठावं बी नसंल?" शेजारच्या बाईनं शुक् केलं. आम्ही गप बसलो. पण त्या प्रश्नानं माझी मुंबईपर्यंतची एसटी नासवली, आणि आता हे पानही त्याच्यावरच जाणार आहे.

आधी नाटकाचं सांगतो, कारण आपल्यातल्या पुष्कळांनी ते बघितलेलं नाही आणि त्याची लाज वाटायचं कारण नाही. बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्करांचं हे नाटक. १८८२ साली पुण्यात पहिले तीन अंक झाले, पुढच्या वर्षी पाच. आज जवळजवळ दीडशे वर्षं ते चालतंय. गोष्ट काय, तर बलरामाला सुभद्रा दुर्योधनाला द्यायची आहे, तिचं मन अर्जुनावर, आणि कृष्ण आतून सूत्रं हलवतोय. त्याच सूत्रातलं एक सूत घटोत्कच. सुभद्रेला उचलायची आणि रानात अर्जुन आहे तिथं नेऊन ठेवायची. काम झालं, घटोत्कच संपला. अंक पुढं, पदं पुढं, लग्न पुढं.

गोदीत आमच्या टोळीला हे काम नवीन नाही. इथून उचल, तिथं ठेव. पेटीत काय आहे विचारू नको. ज्याचा माल त्याची पावती. सौभद्रात सगळे गातात, सुभद्रा गाते, रुक्मिणी गाते, कृष्ण गातो, नारद गातो. हमालाच्या वाट्याला वजन येतं.

मूळ महाभारतात सुभद्रेला खुद्द अर्जुन पळवतो, तिथं घटोत्कच नाही. म्हणजे राक्षसाकडून उचलवून घेणं ही नाटकाची सोय आहे. आणि ही सोय रंगभूमीच्या अंगवळणी आधीच पडलेली होती. १८४३ साली सांगलीला विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर केलं, तेव्हापासून राळ उडवत, अललडुर्र करत राक्षस येतोच आहे. लोकांना भ्या वाटायला आणि हसायला एक काळा माणूस लागतो. तो कुठून येतो, परत जाऊन कुणाच्या चुलीपाशी बसतो, हे विचारायची गरज लेखकाला पडली नाही. पुढच्या रांगेलाही पडली नाही. मागच्या रांगेत बसलेल्या, दहा बोटांनी खुरपं धरणाऱ्या बाईला पडली.

तर हिडिंबा कोण?

आदिपर्व काढा. पांडव वारणावताच्या लाक्षागृहातून पळालेत. ते कसे पळाले ते विसरू नका. कुंतीनं त्या रात्री जेवण घातलं. एक निषाद बाई आपल्या पाच पोरांना घेऊन जेवायला आली. दारू पिऊन तिथंच झोपली. घर पेटलं, आई आणि पाच पोरं जळून कोळसा झाली, आणि दुनियेला वाटलं कुंती आणि पाच पांडव मेले. सहा प्रेतांचा हिशेब बरोबर जुळला. त्या बाईला महाभारतानं नावसुद्धा दिलेलं नाही. आणि ह्या सहा प्रेतांवर पाय देऊन निघालेली मंडळी पुढं ज्या रानात आडवी झाली ते रान हिडिंबाचं.

भाऊ हिडिंब, बहीण हिडिंबा. भाऊ तिला माणसं मारून आणायला पाठवतो. ती भीमाला बघते, तिचं मन बसतं, मारत नाही. भीम तिच्या भावाला मारतो. आणि पुढचं कीर्तनकार सांगत नाहीत. भाऊ मारून झाल्यावर भीम तिलाही म्हणतो, तू पण भावाच्या वाटेनं जा. युधिष्ठिर त्याला अडवतो. ती कुंतीपुढं हात जोडते. मग अटी ठरतात. दिवसा भीमाला घेऊन फिर, रात्री परत आणून सोड. मूल होईपर्यंत एवढंच. मूल झालं, पांडव गेले.

कुणी म्हणेल, बाईनंच मागणी घातली, तिची मर्जी होती. होती ना. भावाचं प्रेत पडलंय, मारणारा समोर उभा, आणि तो तुझ्यावरही हात उचलतोय. अशा वेळच्या मर्जीचा अर्थ आमच्या आयाबहिणींना विचारा.

आता पुढचं कुठं लिहिलेलं नाही. हे मी म्हणतोय, मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक गोदी कामगार. चुकलो तर पंडितांनी पत्र धाडावं.

माझा अंदाज असा, की हिडिंबानं पोराला बापाचं नाव सांगितलं पण बापाची वाट बघायला शिकवलं नाही. वाट बघायला वेळ कुणाला होता? भाऊ गेल्यावर रान राखायचं तिच्यावर आलं. पोराला तिनं झाडं शिकवली, पाणी शिकवलं, रात्र शिकवली. तिची भाषा वेगळी असणार. पोरगं द्वारकेला जाऊन कृष्णापुढं बोललं तेव्हा त्यानं ती भाषा गिळली असणार, जशी आपण दादरला उतरलो की गावची भाषा गिळतो. आणि निरोप आला त्या रात्री तिनं विचारलं असणार, काय काम आहे? पोरगी उचलायची आहे, काकाच्या लग्नासाठी. हिडिंबा हसली असेल. म्हणाली असेल, त्यांच्या लग्नाला रात्रीचं बोलावणं येतं होय रं आपल्याला? जेवायला बसवतील का, ते तरी विचारून ये.

हे बोलणं माझं नाही. नाटक सुटल्यावर चालत घरी येताना आई हेच म्हणाली, की जेवला का त्यो शेवटी लग्नात?

नाही जेवला. लग्नात तो दिसत नाही. पण वह्या बंद झाल्या नाहीत. वनपर्वात हिमालय चढताना द्रौपदी चक्कर येऊन पडली, तेव्हा भीमाला पोराची आठवण झाली. तो आपली माणसं घेऊन आला आणि द्रौपदीला, पांडवांना, सोबतच्या ब्राह्मणांना खांद्यावर वाहून नेलं. मग युद्ध. तेराव्या दिवशी सुभद्रेचा अभिमन्यू पडला, चौदाव्या रात्री हिडिंबेचा घटोत्कच. जिला नाटकात ह्यानं खांद्यावर नेलं तिचा पोरगा आणि हा स्वतः, दोघांच्यात एका दिवसाचं अंतर. कर्णानं अर्जुनासाठी राखलेली शक्ती ह्याच्यावर फुकट गेली. मरताना त्यानं अंग वाढवलं आणि कौरवांच्या एक अक्षौहिणी सैन्यावर जाऊन पडला. म्हणजे मेल्यावरही पाळी भरून दिली!

युधिष्ठिर रडला, ते खरं आहे, लपवत नाही. पण कृष्ण नाचला. द्रोणपर्वात आहे, वाचा. वर म्हणाला, कर्णानं मारला नसता तर पुढं मलाच मारावा लागला असता, कारण हा ब्राह्मणांचा आणि यज्ञाचा वैरी. सौभद्रात गोड हसून ज्याला कामाला लावला, त्याच्याबद्दल हे.

ह्याच फलटणात महानुभावांची कृष्णमंदिरं आहेत. चांगदेव राऊळ इथलेच म्हणतात. चक्रधरांनी आपल्या काळात शिवाशिवीला लाथ मारली, त्याचा आम्हाला आदर आहे. त्यांच्या कृष्णाशी माझं भांडण नाही. पण नाटकातल्या कृष्णाला प्रश्न विचारायचा हक्क मागच्या रांगेला आहे.

आपल्यातलेच काही पोरं म्हणतात, कशाला ही पुराणाची हाडकं चघळता? बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली, विषय संपला. मी तसं मानत नाही. जोतीबांनी १८७३ साली गुलामगिरी लिहिली, ती पुराणं न वाचता लिहिली का? बळीराजा त्यांनी त्याच ढिगाऱ्यातून बाहेर काढला. आणि नाटक जाळता येत नाही. ते लोकांच्या गळ्यात बसलंय. पेटीवाला थांबला तरी चाल थांबत नाही. माझी आईसुद्धा अजून भाकऱ्या थापताना त्यातली एक चाल गुणगुणते, शब्द सोडून.

दुसरी एक जात आहे, देवी करून टाकणाऱ्यांची. मनालीला हिडिंबेचं लाकडी देऊळ आहे, १५५३ सालचं. कुलूचा दसरा तिच्याशिवाय सुरू होत नाही. चांगलं आहे, तिथल्या लोकांनी तिला टाकलं नाही. पण आपण इथं लगेच तिचा फोटो लावून हार घालायला नको. हार घातला की प्रश्न विचारायचा राहतो. माझ्या आईचा प्रश्न साधा होता, कुठाय ती.

आणि हा प्रश्न आपल्याही घरात आणतो, राग आला तर येऊ दे. आपल्या कवितेत आई आहे. शेण गोळा करणारी, दगड फोडणारी, फाटक्या लुगड्याची. टाळ्या घेते ती. पण तिचं नाव किती कवितांत आहे? सभेला स्टेजवर अकरा पुरुष, आणि सतरंज्या अंथरणाऱ्या, चहा करणाऱ्या, मोर्चात पहिली लाठी खाणाऱ्या पडद्यामागं. त्याही हिडिंबाच झाल्या ना? उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून म्हाताऱ्या बायकांना गाठून, त्यांना बोलतं करत फिरल्या, तेव्हा कुठं १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक आलं आणि आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना नावं मिळाली. तोवर आपण पोवाडे रचत होतो. मी स्वतः तीन कविता आईवर छापल्या. तिन्हीत ती नुसती 'माय' आहे. ती वाचायला शिकलेली नाही, म्हणून तक्रार आलेली नाही.

म्हणून पुढच्या अंकासाठी हे मागतोय. हिडिंबेवर लिहा, त्या सहा जळालेल्यांवर लिहा, पण नाटक लिहा, पदांसकट. पेटी कुणाच्या बापाची नाही. पवळाबाईचा गळा ज्या वस्तीतून आला त्या वस्तीला संगीत शिकवायची गरज नाही. बाई लिहिणार असेल तर पहिली पानं तिची. मजकूर वहीच्या कागदावर, एका बाजूनं, अक्षर कळेल असं.

निघताना आई स्टँडवर सोडायला आली होती. बांधून दिलेली भाकरी पिशवीत ठेवली आणि म्हणाली, नाटकात उचलायच्या जागी ह्यो घटोत्कच जरा थांबला असता आन् म्हनला असता, थांबा, आईला इच्यारून येतो, तर?

मी म्हटलं, मग पुढचा अंकच झाला नसता.

म्हणाली, "न्हाई तर न्हाई."

एसटी सुटली. रात्रपाळीला हजर व्हायचं होतं.

जयभीम.