चोरीचा मामला

शुक्रवारी रात्री रूममेट म्हणाली, "चल, भुताचा पिक्चर बघू." मी लावला १९२२चा 'नोस्फेरातू'. जर्मन आणि मूक! दहाव्या मिनिटाला तिच्या जांभया सुरू. मग जिन्याच्या भिंतीवर ती सावली चढायला लागली. कुबड काढलेली पाठ, लांबच लांब नखं. बाईसाहेबांनी गुपचूप पांघरूण नाकापर्यंत ओढलं.

पण खरा ड्रामा पडद्यामागे आहे. दिग्दर्शक मुर्नाऊचा हा सिनेमा ब्रॅम स्टोकरच्या १८९७च्या 'ड्रॅक्युला'वरून घेतलेला. फक्त निर्मात्यांनी हक्कच घेतले नव्हते. काउंट ड्रॅक्युलाचा काउंट ओरलॉक केला, लंडनऐवजी एक जर्मन शहर आणलं, की झालं काम! वर श्रेयनामावलीत स्टोकरचं नावही टाकलं. म्हणजे चोरी केली ती केली, पुरावाही स्वतःच ठेवला.

स्टोकर १९१२मध्येच वारला होता. त्याची बायको फ्लॉरेन्स इरेला पेटली. निर्माती कंपनी 'प्राना फिल्म' बुडालेली, त्यामुळे पैसे मिळणं कठीणच. अखेर १९२५मध्ये कोर्टाचा आदेश आला, सगळ्या प्रिंट्स नष्ट करा. तरी काही प्रिंट्स वाचल्या, म्हणून शुक्रवारी आम्ही घाबरू शकलो.

एरवी मी "बरं झालं, वाचला!" म्हणून मोकळी झाले असते. पण गेल्या महिन्यात माझा एक लेख एका वेबसाइटने जसाच्या तसा उचलला, तोही दुसऱ्याच्या नावाने. मेल केला तर उत्तर आलं, "त्यात एवढं काय?" त्या दिवशी माझं चाललं असतं, तर मीही त्यांचा सर्व्हर जाळला असता. फ्लॉरेन्सबाई एकदम आपल्या वाटायला लागल्या.

तरी एक गोष्ट डोक्यातून जात नाही. कादंबरीतला ड्रॅक्युला लंडनमध्ये दिवसाउजेडी खुशाल फिरतो. उन्हाने पिशाच्च विरून जातं, ही आयडिया या सिनेमाची. पुढचे कितीतरी व्हॅम्पायर उन्हाला घाबरले ते त्यामुळेच. या लोकांनी चोरलेल्या मालात स्वतःची भर तरी घातली. माझ्या लेखचोराने स्वल्पविरामसुद्धा हलवला नव्हता!

"मग आपण कुणाच्या बाजूने?" रूममेटने पांघरुणातून विचारलं.

"सिनेमा जगायलाच हवा होता," मी म्हटलं, "आणि बाईचे पैसेही मिळायला हवे होते."

त्या रात्री आम्ही दिवा चालू ठेवून झोपलो. आणि सोमवारी सकाळी मी त्या वेबसाइटला बिल पाठवलं.