डब्यावरील अक्षरें

सकाळीं विलेपारले किंवा अंधेरी स्थानकावर क्षणभर थांबून पाहावें. डबेवाल्यांच्या लांब खोक्यांत रचलेल्या प्रत्येक डब्याच्या झांकणावर रंगानें काढलेलीं चारदोन अक्षरें व आंकडे दिसतील. धन्याचें नांव नाहीं, रस्ता नाहीं. डबा कोठून निघाला, कोणत्या स्थानकावर उतरवावयाचा, तेथें तो कोणी न्यावयाचा, इमारत कोणती व मजला कितवा, एवढेंच त्यांत असतें. १८९० च्या सुमारास महादेव हावजी बच्चे यांनीं आरंभिलेल्या या धंद्यांत डबा अनेक हातांतून जातो, आणि त्या हातांपैकीं पुष्कळांस शाळा फारशी लाभलेली नसते. गाडी तर क्षणभरच थांबते. तेथें सविस्तर पत्ता लिहिला असता तर तो वाचण्यांतच वेळ जाऊन कोणीतरी कचेरींत उपाशी राहिला असता.

आमचे विद्यार्थी मात्र रजेच्या अर्जांत नम्रतेनें अर्धें पान भरितात आणि रजा किती दिवसांची हवी तें लिहावयास विसरतात! दोष त्यांचा नव्हे. निबंधाच्या ओळी मोजून गुण देणारे आम्हीच. पुढें कचेरींत हींच मुलें वरिष्ठांस चिठ्ठ्या लिहूं लागतात, तेव्हां खोळंबा दुसऱ्यांचा होतो.

डब्याची रीत सर्वत्र चालवावी असें मात्र आमचें म्हणणें नाहीं. ती खूण परक्यास कळत नाहीं, व कळण्याची गरजहि नाहीं. आजीच्या पत्रांत तर पाल्हाळच गोड लागतो. वाचणारा कोण, हें आधीं मनांत यावें. पालकांनीं मुलाकडून शेजाऱ्यांस एखादी कामाची चिठ्ठी लिहवावी, आणि शेजारी उलट काय विचारावयास येतात तें पाहावें.