प्रयोजन : खेळ

बँकेत मी सदतीस वर्षे काढली. त्यातली बरीचशी लोकांचे कर्जाचे अर्ज वाचण्यात गेली. अर्जात एक रकाना असे, 'कर्जाचे प्रयोजन'. त्या रकान्यात जे लिहिलेले असे आणि पैसे ज्यासाठी हवे असत, त्यांची गाठ पुष्कळदा पडत नसे. अर्जात म्हैस आणि मनात मुलीचे लग्न! ग्रामीण शाखेत असताना एकच म्हैस तीन तपासण्यांना तीन गोठ्यांत उभी राहिलेली मी पाहिली आहे. तिसऱ्या खेपेला तर तीही मला ओळखू लागली असावी. कानातला बिल्ला निरखला, तेव्हा उलगडा झाला. प्रयोजन लपवले की व्यवहार बुडतो, हे तेव्हापासून मनाशी पक्के झाले. मात्र हा नियम आपल्या स्वतःच्या घरालाही लागू आहे, हे कळायला मला निवृत्त व्हावे लागले.

निमित्त झाले घरच्या संगणकाचे. २०२५ च्या मे महिन्यात आमच्या जुन्या यंत्राच्या पडद्यावर सूचना झळकू लागली, की विंडोज १० ची देखभाल १४ ऑक्टोबरला संपणार आणि हे यंत्र विंडोज ११ ला पात्र नाही. म्हणजे माझ्यासारखाच तोही सेवानिवृत्त! घरात सभा भरली. बारा वर्षांची नात म्हणाली, "आजोबा, नवा घ्यायचाच तर गेम चालेल असा घेऊ या ना." सूनबाईंनी माझ्याकडे पाहिले. चिरंजीवांनी वर्तमानपत्रात डोके घातले. मी घसा साफ करून सुरुवात केली, "संगणक घ्यायचा तो अभ्यासासाठी..." आणि तिथेच अडखळलो. हे वाक्य मी पूर्वी एकदा बोललो होतो.

संगणकाशी माझे नाते तसे विचित्रच. १९८३ साली बँक कर्मचारी संघटना आणि इंडियन बँक्स असोसिएशन यांच्यात यांत्रिकीकरणाचा करार झाला, १९८४ साली रंगराजन समितीचा अहवाल आला. त्या दिवसांत शाखेच्या दारात उभे राहून संगणकाविरुद्ध घोषणा देणाऱ्यांत मीही होतो. पुढे लेजर पोस्टिंगची यंत्रे आली, त्यांच्यावर काम केले आणि घोषणा विसरलो. १९९९ साली तर कर्ज काढून मुलासाठी संगणक घरी आणला. बत्तीस एमबी मेमरी आणि चार जीबीची डिस्क. प्रयोजन अर्थातच अभ्यास. महिन्याभरात मुलाने मित्राकडून 'रोड रॅश' हा मोटारसायकलींचा खेळ आणून त्यात भरला. मी तो एका रात्री पुसून टाकला आणि आपण कर्तव्यदक्ष पिता आहोत या समाधानात झोपलो.

मुलाने हूं की चूं केले नाही. पुढचे वर्षभर तो संध्याकाळी गणिताच्या क्लासला म्हणून निघे आणि कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत तासाला तीस रुपये मोजून तोच खेळ खेळे. हे त्याने मला परवा, या सभेनंतर सांगितले. छत्तीस वर्षांचा बाप्या, पण सांगताना त्याचा आवाज अकरा वर्षांचा झाला होता. "बाबा, खेळायला मिळत नव्हतं याचं काही नाही. तुम्हाला खोटं सांगायची सवय लागली, ती मोडायला फार वर्षं गेली." यावर काय बोलणार? प्रयोजन मीच लपवायला लावले होते.

मग मी एक कोरा कागद घेतला आणि अर्जातला तो जुना रकाना आखला. सूनबाई : कार्यालयाचे काम, व्हिडिओवरच्या बैठका. आमची ही : भजने, बहिणीशी गप्पा, पत्त्यांचा डाव. मी : कादंबरीचे मराठी टंकलेखन. नात : अभ्यास. आणि त्याखाली, वेगळ्या ओळीत, स्वच्छ अक्षरांत, खेळ. चिरंजीव तो कागद बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी नातीच्या ओळीत स्वतःचेही नाव घातले.

वाचकहो, तुम्हाला वाटेल, यात खरेदीचा संबंध काय? संबंध आहे, आणि तो थेट पैशांचा आहे. 'अभ्यासासाठी' म्हणून संगणक मागितला, की दुकानदार अभ्यासाचाच देतो. मग सहा महिन्यांनी घरात कुरबुर सुरू होते, यात खेळ चालत नाही म्हणून. आणि 'गेमिंगचा' असे नुसतेच म्हटले, की तो लाखाची, आत रंगीबेरंगी दिवे लुकलुकणारी पेटी दाखवतो. आपली गरज या दोहोंच्या मध्ये असते. नातीचे खेळ कोणते, ते आधी विचारले. माइनक्राफ्ट आणि मित्रमैत्रिणींबरोबरचे एक-दोन हलके खेळ. त्यांना वेगळे ग्राफिक्स कार्ड लागत नाही. प्रोसेसरच्या पोटातच बऱ्यापैकी ग्राफिक्स असले, की भागते. नव्या, वजनदार खेळांचा हट्ट असेल, तर गोष्ट निराळी. तिथे स्वतंत्र कार्ड हवे, आणि ते परवडत नसेल तर मुलाला तसे सरळ सांगावे.

कागद खिशात घालून आजोबा आणि नात डोंबिवलीहून निघाले. दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरले आणि लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे कागदोपत्री डॉ. भडकमकर मार्गावर, पोहोचले. पहिल्याच दुकानात म्हैस भेटली! "आय-फाइव्ह आहे साहेब, शिवाय ग्राफिक्स कार्ड," दुकानदार म्हणाला. पेटी नवीकोरी आणि किंमत मोहात पाडणारी. मी म्हटले, "आय-फाइव्ह हे आडनाव झाले, पूर्ण नाव सांगा." नाव निघाले ३४७०, म्हणजे तिसऱ्या पिढीतला, २०१२ सालचा. विंडोज ११ साठी इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. कार्ड निघाले जीटी ७३०, २०१४ सालचे. आजच्या कित्येक प्रोसेसरांच्या पोटातले ग्राफिक्स त्याहून सरस असते. पुढचा प्रश्न त्याने हळू आवाजात केला, "बिल हवंच का?" अठरा टक्के जीएसटी वाचवायचा आणि उद्या बिघडले, की हमी कोणाकडे मागायची? आम्ही नमस्कार करून बाहेर पडलो.

दुसऱ्या दुकानात नामांकित कंपनीची तयार पेटी पाहिली. कंपनीच्या पेटीचे गुण मोठे आहेत. अस्सल विंडोज आत घातलेले असते आणि बऱ्याच मॉडेलांना घरी येऊन दुरुस्तीची हमी मिळते. ज्या घरी पेचकस हातात धरणारे कोणी नाही आणि खेळाची ओळ कागदावर नाही, त्यांनी डोळे झाकून नव्हे, पण निश्चिंत मनाने तीच घ्यावी. आमच्या कागदावर मात्र ती ओळ होती. अशा पुष्कळ पेट्यांत वीजपुरवठ्याचा भाग लहान, १८० वॉटच्या आसपासचा आणि खास मापाचा असतो. नात उद्या मोठी झाली आणि कार्ड बसवायचे म्हटले, तर तो भार त्याला पेलत नाही आणि बाजारातला दुसरा आत मावत नाही. शिवाय मेमरी बहुधा आठ जीबीची एकच पट्टी.

या पट्ट्यांचे मर्म मला बँकेमुळे चटकन कळले. पोटातले ग्राफिक्स स्वतःची मेमरी बाळगत नाही, ते मुख्य मेमरीतूनच उसनवारी करते. सोळा जीबीची एक पट्टी म्हणजे भरपूर रोकड, पण खिडकी एकच. आठ-आठच्या दोन पट्ट्या म्हणजे रोकड तेवढीच, पण खिडक्या दोन. रांग भराभर सरकते आणि खेळात हा फरक डोळ्यांना दिसतो.

शेवटी तिसऱ्या दुकानदाराने स्वतः जुळवून तयार ठेवलेला संच घेतला. रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, आठ-आठच्या दोन पट्ट्या, पाचशे बारा जीबीची एसएसडी, प्रमाणित मापाचा वीजपुरवठा, अधिकृत विंडोज आणि प्रत्येक भागाचे नाव व हमीची मुदत लिहिलेले पक्के बिल. हा प्रोसेसर २०२१ चा, म्हणजे ताजा नव्हे, पण आमच्या कागदावरच्या साऱ्या ओळी तो निभावतो. बावीस इंची पडदा आणि सहाशे व्हीएचा यूपीएस धरून हिशेब पन्नास हजारांत बसला. पडदा आणि यूपीएस जाहिरातीतल्या किमतीत बहुधा नसतात, हे लक्षात ठेवावे. त्याच वर्षाच्या अखेरीस मेमरीचे भाव कडाडले, तेव्हा आमचा आकडा आज तुमच्या उपयोगी पडेलच असे नाही. यादी मात्र पडेल.

"खेळाला असे राजरोस स्थान दिले, तर मुले वाया नाही का जाणार?" असे एका मित्राने विचारले. मुलांना खेळाचे वेड लागते, हे मी नाकारत नाही. पण म्हणूनच मी लॅपटॉपऐवजी टेबलावरचा संगणक घेतला आणि तो दिवाणखान्यात मांडला. लॅपटॉप आणि मोबाइल खोलीत जाऊन दार लावून घेतात. हा बिचारा जागचा हलत नाही. चारचौघांसमोर खेळलेल्या खेळाला वेळेची मर्यादा घालता येते. सायबर कॅफेत चोरून खेळलेल्याला कोणता बाप घालणार होता?

तेव्हा दुकानात जाण्यापूर्वी घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवा आणि कागदावर खरी प्रयोजने लिहा. लहानांची आधी लिहा, कारण त्यांचीच लपवली जातात. आमचा तो कागद मी बिलाबरोबर फायलीत लावून ठेवला आहे.

आज रविवार. संगणकावर सकाळपासून चिरंजीव आणि नात बसले आहेत आणि माझ्या कादंबरीचे सातवे प्रकरण खोळंबले आहे. म्हणून हा लेख हातानेच लिहीत आहे.